जुनी एफसी-१५० पिकअप: मूळ पेट्रोल इंजिन बांधावे की आजचे डिझेल बसवावे?

घरातली पत्र्याखाली उभी राहिलेली पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायची, एवढे एकदा ठरले की दोन मेस्त्री दोन सल्ले देतात. पहिला म्हणतो, बोअर करून (सिलिंडर आतून कातून), पिस्टन-रिंगा टाकून मूळ इंजिनच बांधू या. दुसऱ्याचे म्हणणे असे, की त्या जुन्या लोखंडात पैसा घालण्यापेक्षा थारचे डिझेल बसवावे आणि बिनघोर दिवे घाट चढावा. या दोन वाटांची तुलना येथे महिंद्राच्या एफसी-१५० या चपट्या तोंडाच्या पिकअपला समोर ठेवून केली आहे. त्या काळातल्या बहुतेक जीप-पिकअपना यातला मोठा भाग तसाच लागू पडेल.

एफसी म्हणजे ‘फॉरवर्ड कंट्रोल’: ड्रायव्हरची केबिन पुढच्या चाकांवर आणि इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली. विलीजने ही गाडी अमेरिकेत १९५७ च्या मॉडेलसाठी काढली आणि महिंद्राने १९६५ पासून ती आपल्याकडे आणली. इंजिन हरिकेन, चार सिलिंडरचे, २,१९९ सीसी पेट्रोल. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. ताकद कागदोपत्री सुमारे ७५ अश्वशक्ती, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे १५५ न्यूटन-मीटर. आजच्या मानाने हे आकडे फार नाहीत, पण टॉर्क कमी फेऱ्यांवर मिळतो आणि डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे इतके फेरे) असल्यामुळे भरलेला हौदा घेऊन चढण चढताना गाडी रडत नाही. पुरंदरहून अंजिराच्या पाट्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणण्याइतके काम अशा गाडीकडून निश्चित होते. तिची अडचण सपाट रस्त्यावर सुरू होते. ७.००-१५ चे टायर आणि ५.३८ चे प्रमाण धरून हिशेब मांडला, तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन जवळपास ३,००० फेरे घेते, आणि तेही आपल्या गुडघ्याशेजारी, पातळ झाकणाखाली. पुणे-सातारा महामार्गावर तासभर हा आवाज आणि ही ऊब सोसल्यावर दुसऱ्या मेस्त्रीचा सल्ला एकाएकी पटू लागतो, हे मान्य केले पाहिजे.

आधी आरसी बुक, मग स्पॅनर

या निर्णयात इंजिनापेक्षा कागद मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने जातात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका आणखी ठाम केली. बिघडलेले इंजिन त्याच बनावटीच्या व त्याच प्रकारच्या इंजिनाने परवानगी घेऊन बदलणे आणि नवा नंबर नोंदवून घेणे, याला वाट आहे. पेट्रोलच्या जागी दुसऱ्या क्षमतेचे डिझेल बसवणे ही वेगळीच गोष्ट आहे. संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात त्यासाठी नुसता अर्ज पुरेल, या भरवशावर कोणी गाडी खोलायला घेऊ नये. नोंद न केलेल्या इंजिनासह अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते, आणि तिसऱ्या माणसाला इजा झालेली असेल तर प्रकरण गॅरेजच्या बिलापेक्षा कितीतरी महाग पडते.

त्यामुळे आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिले आहे, हे सर्वप्रथम वाचावे. पेट्रोल महाग झाल्यावर असंख्य जीप आणि पिकअप डिझेलवर गेल्या आणि त्यांतल्या काहींची रीतसर नोंदही झालेली आहे. आपल्या आजोबांनी किंवा काकांनी ते काम त्या वेळी करून ठेवले असेल आणि पुस्तकात ‘डिझेल’ असा शिक्का असेल, तर पुढची तुलना बरीच बदलते. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे की खासगी, हेही त्याच वेळी पाहावे. मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की तिला दरवर्षी फिटनेस लागतो.

मूळ इंजिन ठेवण्याच्या बाजूने आणखी एक कायदेशीर मुद्दा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यांत बसते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते आणि ती दहा वर्षे चालते. साध्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या हलक्या मोटार वाहनासाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. म्हणजे दहा वर्षांचा हिशेब सुरुवातीला सारखाच निघतो. फरक वापरात आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. तिच्यातून रोज माल वाहता येत नाही आणि धंदा तर मुळीच करता येत नाही. ज्यांना शनिवारी शेतावर आणि रविवारी भोरला जायचे आहे, त्यांनी हा मान मिरवण्यासाठी स्वतःच्याच गाडीला कुलूप घालू नये. साधी नोंदणी आणि मूळ इंजिन, ही जोडी त्यांच्या अधिक सोयीची आहे.

मूळ इंजिन बांधण्यात काय आहे

हरिकेन हे क्षमाशील इंजिन आहे. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड प्लेन करणे, व्हॉल्व्ह सीट घासणे ही सगळी कामे भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कोणत्याही चांगल्या मशीन शॉपला जमतात. सुटे भाग शोधावे लागतात, मात्र जीप कुटुंबातल्या कितीतरी गाड्यांना हेच इंजिन असल्यामुळे शोध वाया जात नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे ब्लॉक नीट तपासणे आवश्यक आहे. त्या सीटांच्या आसपास तडा असेल, तर बोअरिंगवर केलेला खर्च पाण्यात जातो. म्हणून आधी कॉम्प्रेशन तपासावे, मग हेड उतरवून ब्लॉक पाहावा आणि त्यानंतरच कामाचा आकडा ठरवावा.

खरा प्रश्न आजच्या पेट्रोलचा आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ज्या काळात या गाडीचे रबर बनले त्या काळात कोणी त्याचा विचार केलेला नव्हता. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि इंधन पंपाचा पडदा फुगवते किंवा कडक करते, टाकीतला जुना गंज सोडवून कार्ब्युरेटरमध्ये आणते आणि हवेतले पाणी ओढून घेते. पडदा फाटला की पेट्रोल इंजिनाच्या खालच्या तेलात उतरू लागते. डिपस्टिक काढावी, पुसावी, पुन्हा बुडवून नाकाशी धरावी. तेलाची पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा भपका येत असेल, तर गाडी तिथेच बंद करावी, कारण पातळ झालेले तेल बेअरिंगला वाचवत नाही. यावर उपाय अवघड नाहीत. आजच्या इंधनाला चालणारे पाइप आणि पडदा टाकावेत, टाकी आतून स्वच्छ करून घ्यावी आणि कार्ब्युरेटरचा जेट किंचित मोठा करावा, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे मिश्रण त्याच जेटवर पातळ पडते. डायनामोच्या जागी आल्टरनेटर आणि सीबी पॉइंटच्या (ठिणगीसाठीच्या जुन्या यांत्रिक स्विचच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन हे दोन बदलही मी सुचवीन. ते परत फिरवता येतात, आणि पावसाळ्याच्या सकाळी गाडी एका सेल्फमध्ये उठते.

नवे इंजिन म्हणजे एकच काम नसते

जुन्या थारमधले, म्हणजे २०१० ते २०२० या काळातले, सीआरडीई, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारे कॉमन रेल डिझेल इंजिन उदाहरणादाखल घेऊ. २,४९८ सीसी, १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन-मीटर. कागदावर हा सौदा अगदी सरळ दिसतो: ताकद वाढते, सरासरी सुधारते, भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. पण १५५ न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या तीन गिअरच्या जुन्या गिअरबॉक्सला हा ताण झेपण्याचा भरवसा नाही, म्हणून गिअरबॉक्सही नवा घ्यावा लागतो. गिअरबॉक्स बदलला की ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) बदलते. ट्रान्स्फर केसचे पुढचे तोंड ज्या बाजूला असेल, त्याच बाजूला पुढच्या अॅक्सलचे डिफरन्शियल लागते, नाहीतर फोर-व्हीलवर पाणी सोडावे लागते. मग दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट लेथवर लहानमोठे करून बॅलन्स करावे लागतात. ५.३८ चे प्रमाण तसेच ठेवले, तर डिझेल इंजिन महामार्गावर पेट्रोलइतकेच धापा टाकते, आणि ज्या सोयीसाठी हा सारा खटाटोप केला ती पदरात पडत नाही. म्हणून डिफरन्शियलही खोलावे लागते.

एफसीमध्ये याला आणखी एक पदर आहे. साध्या जीपमध्ये बॉनेटखाली थोडी उंची मिळते. येथे इंजिनावर झाकण आणि झाकणाच्या दोन्ही बाजूंना माणसे. टर्बो आणि इनटेकचे पाइप झाकणाला लागतात, झाकण उंच करावे तर गिअरचा दांडा आणि सीट यांची जागा जाते. इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) वारा कोठून द्यायचा, हा प्रश्न वेगळाच. कॉमन रेल इंजिनाला त्याचे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), संपूर्ण वायरिंग, इमोबिलायझर आणि इलेक्ट्रॉनिक अॅक्सिलरेटर पेडल असा सगळा संसार बरोबर लागतो. गंजलेल्या टाकीतला एक कणही त्याच्या इंजेक्टरला पुरेसा होतो. अपघातग्रस्त थार अख्खी विकत घेतली तरच हे काम धड होते. नुसते इंजिन भंगार बाजारातून आणणाऱ्यांच्या गाड्या वायरिंगपाशी महिनोन्महिने अडकून पडलेल्या दिसतात.

यापेक्षा साधा मार्ग म्हणजे मेकॅनिकल पंपाचे डीआय (थेट इंधन फवारणीचे) डिझेल. महिंद्राचे २,५२३ सीसीचे, सुमारे ६३ अश्वशक्तीचे इंजिन या कामासाठी पूर्वीपासून वापरले जाते. त्याला कॉम्प्युटर लागत नाही, कोणताही डिझेल फिटर ते उघडू शकतो आणि वायरिंग जुनेच चालते. पण ते थरथरते, आणि केबिनच्या आत बसवलेले थरथरणारे डिझेल हा रोजचा अनुभव असतो, हे विसरू नये. आरसीवर आधीच डिझेल असेल, तर मी नोंदलेले इंजिनच याच धर्तीवर बांधून घेईन. नसेल, तर या इंजिनाचे सगळे गुण कागदावरच राहतात.

विजेच्या किटचा विचार अनेकांच्या मनात येतो, विशेषतः अशी किट तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर असल्यामुळे. परंतु पूर्ण इलेक्ट्रिक रूपांतराचा नियम १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेल्या वाहनांसाठी आहे. एफसी-१५० त्यात येत नाही.

थांबण्याची सोय

दोन्ही वाटांवर ज्या कामासाठी आधी पैसे बाजूला काढले पाहिजेत, ते काम म्हणजे ब्रेक. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांसाठी मिळून एकच हायड्रॉलिक लाइन असते. एक पाइप फुटला की पेडल जमिनीला टेकते. त्यातच केबिन आणि इंजिन पुढे असल्यामुळे रिकाम्या हौद्याची मागची चाके जोरात ब्रेक मारल्यावर हलकी होऊन घसरतात. दुहेरी मास्टर सिलिंडर, नवे व्हील सिलिंडर, चांगले लायनर आणि पुढे शक्य असल्यास डिस्क, एवढे झाल्याशिवाय १०५ अश्वशक्तीची गोष्टही काढू नये. मूळ इंजिनाच्या गाडीलाही हे करून घ्यावेच, कारण कात्रजच्या उतारावर तिच्या पुढे-मागे आजच्या गाड्या असतात आणि त्या झटकन थांबतात.

चासी आणि पत्रा यांचे काम दोन्हींत सारखेच असल्याने त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. फक्त एक तपासणी आधी करावी: केबिन जिथे चासीवर बसते त्या ठिकाणी आणि हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावे. तो आत गेला, तर इंजिनाचा वाद काही महिने पुढे ढकलावा.

कुटुंबात गाडी ठेवायची, महिन्यातून काही वेळा चालवायची आणि पुढच्या पिढीकडे कागदपत्रांसह सोपवायची असेल, तर हरिकेन बांधावे. माझा कौल त्याच बाजूला आहे. रोज शेतमाल वाहायचा असेल, तर सीआरडीई बसवलेल्या एफसीपेक्षा वापरलेली बोलेरो पिकअप स्वस्त पडते, कायदेशीर असते आणि रात्री बंद पडली तर रस्त्यावरचा पहिला मेस्त्रीही ती उघडतो. थारचे इंजिन टाकायची वाट उरते ती ज्याला हातांनी बनवण्याचाच आनंद हवा आहे, गाडी खासगी जागेत किंवा स्वतःच्या शेतातच फिरवायची आहे आणि खर्चाचा हिशेब ठेवायचा नाही, अशा मोजक्या लोकांसाठी.

त्यांनीही मूळ इंजिन भंगारात देऊ नये. आरसीवर नंबर त्याचाच आहे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, तोंडे बंद करावीत, ब्लॉक लाकडी ठोकळ्यांवर कोरड्या जागी ठेवावा आणि अधूनमधून क्रँक हाताने एखादा फेरा फिरवावा. पुण्याच्या एका पावसाळ्यात उघडे पडलेले पिस्टन सिलिंडरला असे धरतात की पुढे बोअरिंगलाही ब्लॉक उरत नाही.