खवली म्हणून चिलापी दिली, ५,१५० रुपये गेले

भोगावती नदीचे देशी मासे घरपोच देतो म्हणणारा कुणी भेटला तर आधी हे वाचा.

कोल्हापुरात कळंब्याकडं आमच्या परसात आठ बाय पाचचं तळं आहे, दोन फूट खोल, त्यात कमळं. डासांसाठी गप्पी मासे फुकट मिळतात, पण ते परदेशी. मला आपल्या ओढ्यातली खवलीच, म्हणजे इथला छोटा देशी मासा, हवी होती. मित्राच्या विहिरीतल्या बारा होत्या, त्यांच्यात भर घालायची होती. जूनमध्ये एकाचा नंबर मिळाला. ३५ रुपये नग, ८० नग, २,८०० रुपये. ऑक्सिजन पॅकिंगचे ३०० वेगळे. सगळे आगाऊ घेतले. एकदम गोड बोलणारा माणूस, "सर, सकाळी स्वतः धरलेत."

माल दिला तो दिवस मावळल्यावर, स्टँडबाहेर. पिशवीतलं पाणी औषधानं गडद निळं, आत काय आहे ते दिसेना. "रात्री लाइट लावू नका, आठ दिवस जाळं घालू नका, बिथरतील." तिथंच मी पिशवी पांढऱ्या घमेल्यात ओतायला लावायला हवी होती.

आणि खरं सांगतो, मला दिसलं होतं. तळ्यात सोडताना एक मासा फरशीवर उडाला. उचलला तर पाठीवरचा पर मानेपासून शेपटीपर्यंत, कंगव्यासारखा ताठ, बोटाला टोचला. परावर काळा ठिपका. खवलीचा पर आखूड, पाठीच्या मध्यावर, आणि ठिपका शेपटीजवळ. हे मला लहानपणापासून माहीत आहे! तरी मनाला समजावलं, वेगळी जात असेल. पैसे देऊन बसलो होतो ना. दमून आलेल्या माणसाला अंधारात एवढं कुठं सुचतं? पण त्या अर्ध्या मिनिटाचा राग अजून जात नाही.

जुलैत पाणी गढूळ झालं म्हणून त्यानंच 'जिवाणू द्रावण' गळ्यात मारलं, १,४५० रुपये. माशांबरोबर औषध विकायला लागला की तिथंच थांबा. दिवाळीच्या आधी तळात ताटलीएवढे खड्डे पडले, कमळाचे कंद उपटून वर आले, आणि एका मादीच्या तोंडातून पिल्लं बाहेर पडताना बघितली. चिलापी, म्हणजे तिलापिया, परदेशी मासा! माझ्या बारा खवल्यांतली एक उरली नाही.

फोन केला तर, "बदलून देतो, गाडीभाडं ६०० पाठवा." पाठवले. नंबर ब्लॉक.

पोलिसांत गेलो. "मासे दिले ना त्यानं? मग फसवणूक कसली? तळून खा की." स्क्रीनशॉट बघितलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, दिवाणी बाब आहे. एका सरकारी कार्यालयात गेलो तर शोभेचे मासे आमच्याकडं येत नाहीत म्हणे, लेखी द्या. लेखी दिलं, तर पोच द्यायला शिक्का असलेला माणूस रजेवर. तीन हेलपाटे, दोन अर्ध्या रजा. परक्या माशानं ओढे भरले तरी चालतील, पण अर्जावर एक शिक्का मारवत नाही यांना. लाखाच्या खाली गेलेला पैसा पैसा नसतो का?

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी पाच महिने घालवले. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. आणि अशी चिलापी निघाली तर रंकाळ्यात किंवा पंचगंगेत नेऊन सोडू नका, हात जोडून सांगतो. मी तळं उपसून एकेक वेचली.

काल भाच्याच्या मोबाइलवर त्याचं स्टेटस बघितलं. तीच निळी पिशवी, तेच ३५ रुपये.