“मी काय परका हाय काय, काकू?”

गेल्या आठवड्यात आमच्या भिशीतल्या एकीच्या मोबाइलवर पोस्टर आलं. व्हिएतनाम, सहा रात्री, सोबत मराठी माणूस, जेवण आपल्या पद्धतीचं. कंपनीचं नाव नवं आहे, पण खालचा नंबर तोच, बालीच्या सहलीत आम्हाला बुडवलेल्या एजंटचा. तो नंबर मला पाठ आहे, कारण बालीच्या हॉटेलच्या पायरीवर बसून मी तो चाळीस वेळा लावला होता. म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही बेळगावच्या शहापुरातली सात जोडपी, चौदा माणसं. भिशीचे पैसे साठवून परदेश बघायचा, असं ठरलं होतं. समुद्र आम्हाला नवा नाही. वेंगुर्ला, मालवण, गोकर्ण, पोरांच्या सुट्ट्या सगळ्या तिकडंच गेल्या. मला ओढ होती ती ज्वालामुखीची. इंडोनेशियातल्या बाली बेटावर बातूर नावाचा १७१७ मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी आहे. जुन्या प्रचंड विवराच्या आत तो उभा आहे आणि पायथ्याशी तळं आहे. पहाटे चारच्या सुमारास बॅटऱ्या घेऊन चढायला लागायचं, दोनेक तासांत माथा गाठायचा आणि तिथून सूर्य उगवताना बघायचा. समोर त्याहून मोठा आगुंग ज्वालामुखी. आंबोलीच्या घाटातला काळा कातळसुद्धा लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला. इथं अजून खडकांच्या फटींतून वाफ येते. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते आपल्या पायांनी चढून बघायचं, म्हणून मी ऑगस्टपासून दर रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढत होते.

सहल ठरवणारा माणूस आमच्याच भागातला. गणपती मंडळात पुढं पुढं करणारा, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिलेला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत आमच्या ह्यांच्या शेजारी चालणारा. इथल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. कचेरीत गेलं की अर्ज कन्नडमध्ये, पाटी कन्नडमध्ये, आपण खिडकीपाशी कुणीतरी वाचून दाखवील म्हणून थांबलेलो. अशा ठिकाणी टेबलापलीकडचा माणूस आपल्या भाषेत बोलला की जीव सैल पडतो. त्यानं आमच्या त्याच सैलपणाचा फायदा घेतला.

मी एकदा विचारलं होतं, “सगळं लिहून दे की बाबा, हॉटेलची नावं, कुठल्या दिवशी काय ते.” त्यावर तो दुखावल्यासारखा हसला. “कागद कशाला? मी काय परका हाय काय, काकू?” मला खरंच लाज वाटली. पुन्हा विचारलं नाही.

माणशी ६८,००० रुपये पॅकेज, व्हिसा आणि पर्यटन कराचे म्हणून ५,५००, टीसीएसचे, म्हणजे एजंटनं आपल्याकडून घेऊन सरकारकडं भरायच्या कराचे, म्हणून ३,४००. एकूण ७६,९००. चौदा जणांचे १०,७६,६०० रुपये. अर्धे रोख, अर्धे यूपीआयनं त्याच्या बायकोच्या खात्यावर. पावती म्हणजे लेटरहेडवर पेनानं लिहिलेली रक्कम आणि सही. हप्ते तीन, आणि प्रत्येक हप्त्याच्या वेळी ‘आज भरला नाही तर विमानाचा दर वाढेल’ हेच.

विमानाची तिकिटं आली, ती खरी होती. माझ्या भाच्यानं पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघितला, चौदाही नावं बरोबर. तिथंच आम्ही निर्धास्त झालो. जे तपासता येण्यासारखं होतं ते त्यानं खरं दिलं आणि त्याच्या आडून बाकीचं सगळं खपवलं. हॉटेलचे म्हणून दिलेले कागद कुणीच तपासले नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी ज्वालामुखी फुटला. तिथं माणसं गेली. ऐन तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत राखेमुळं बालीची विमानं रद्द झाल्याच्या बातम्या टीव्हीवर होत्या. आम्ही घाबरलो. त्यानं धीर दिला आणि जाता जाता सांगितलं, “बातूरचं चढणं मात्र सरकारनं बंद केलंय काकू, त्याचे पैसे काय परत मिळत नाहीत.” मी रडले त्या रात्री. पण ज्वालामुखीपुढं कुणाचं काय चालतं, म्हणून गप्प बसले.

२५ नोव्हेंबरला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूर, तिथून थेट विमानानं बालीतलं देनपसार. पहिला धक्का विमानतळावरच. व्हिसा काढलेलाच नव्हता. भारतीयांना तो तिथं उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया (तिथलं चलन), म्हणजे तेव्हाचे साधारण २,७०० रुपये. फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेला दीड लाख रुपियाचा पर्यटन करही भरलेला नव्हता. दोन्ही मिळून साडेतीन हजार, त्याचे आमच्याकडून ५,५०० घेतलेले आणि भरले एक रुपयाही नाहीत. फोनवर म्हणाला, “सिस्टीमचा घोळ झालाय, तुम्ही भरा, आल्यावर देतो.”

उबुदमध्ये दोन रात्री नीट गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून आलो तर काउंटरवरची मुलगी हात जोडून म्हणाली, खोल्या रिकाम्या करायच्या. बुकिंग दोनच रात्रींचं होतं. आमच्या कागदावर तीन लिहिलेल्या. पुढचं कुटाचं हॉटेल? तिनं आमच्यासमोर फोन लावला. त्या नावाचं हॉटेल होतं, पण आमच्या नावाचं बुकिंग कधी झालेलंच नव्हतं. गाडीवाल्यालाही दोन दिवसांचेच पैसे मिळाले होते. सातही जोडपी सामानासकट पायरीवर. एका वहिनींना साखरेचा त्रास, त्यांना घाम फुटलेला. इकडं बेळगावात फोन वाजतोय, उचलत कुणी नाही.

उरलेल्या चार रात्रींच्या खोल्या, दोन गाड्या, व्हिसा, जेवण मिळून आमचे आणखी दोन लाख दहा हजार गेले. नुसा पेनिडाची बोट, आयुंग नदीतलं राफ्टिंग, उलुवातूचं केचक नृत्य, सगळं सोडून दिलं. घाईघाईत पैसे बदलायला कुटात एका कपड्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला गेलो, कारण बाहेरच्या पाटीवर दर जास्त होता. तिथल्या माणसानं आमच्यासमोर नोटा मोजल्या, पुन्हा हातात घेऊन टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि दिल्या. खोलीवर येऊन मोजल्या तर आठ लाख रुपिया कमी. बालीत पैसे बदलायचे तर बँक इंडोनेशियाचा परवाना लावलेल्या ठिकाणीच, आणि शेवटची मोजणी आपल्या हातानं.

हे सगळं पैशांचं झालं. मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. शेवटच्या दिवशी गाडीवाला आम्हाला किंतामणीला घेऊन गेला. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की समोर बातूर, त्याच्या अंगावरून उतरलेला काळा लाव्हा आणि खाली निळं तळं. गाडीवाल्यानं सांगितलं, १९२६ मध्ये याच डोंगरानं खालचं गाव गाडलं, मग लोकांनी देऊळ आणि घरं वर विवराच्या काठावर आणली. मी विचारलं, चढणं कधी सुरू होणार? त्याला प्रश्नच कळेना. “रोज चढतात. आज पहाटेही गेले.” बाजूच्या टपरीवर चिखलाचे बूट घातलेली गोरी पोरं कॉफी पीत बसली होती, तीच वरून उतरलेली. लेवोतोबी तिथून सुमारे ८०० किलोमीटर लांब. रात्रीचं विमान होतं. राजहंसगडाचे ते सगळे रविवार माझ्या डोळ्यांसमोर आले.

परत आल्यावर भाच्यानं कागद उकरले. लेटरहेडवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला तर नोंदणी कधीचीच रद्द. परदेशी सहलीच्या पॅकेजवर तेव्हा सात लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस होता. तो आपल्या पॅनवर जमा व्हायचा आणि फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर भरलेल्या कराच्या सरकारी तक्त्यात, दिसायचा. आमच्या ह्यांच्या पॅनवर शून्य. म्हणजे सरकारच्या नावानं घेतलेले पैसेही त्याच्याच खिशात. जीएसटी नंबर तपासायचं दहा-पंधरा मिनिटांचं काम तरी आम्ही जायच्या आधी करायला हवं होतं. हॉटेलचं तर त्याहून सोपं. हॉटेलचा नंबर स्वतः शोधायचा, एजंटनं दिलेला नाही, आणि नाव, तारखा, किती रात्रींचे पैसे पोचलेत ते विचारायचं.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा पैशांचा व्यवहार आहे, कोर्टात जावा’ म्हणाले. शेजारच्या एका कन्नड काकांनी आम्हाला तक्रार नीट कन्नडमध्ये लिहून दिली, तारखा, रकमा, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८, सगळं घालून. ती घेऊन गेलो तेव्हा पोच मिळाली. आपला म्हणणाऱ्यानं बुडवलं आणि ज्यांच्याशी आम्ही वर्षानुवर्षं फक्त नमस्कारापुरतं बोललो ते तीन संध्याकाळी आमच्यासाठी बसले, हे मला सांगितलंच पाहिजे.

मग मंडळातले दोघं-तिघं घरी आले. “आपल्यातलं आपल्यात मिटवूया, भायेर बोभाटा नको.” एक लाख रुपये आणून ठेवले आणि तक्रार मागं घ्या म्हणाले. आम्ही पैसे घेतले, पावती लिहून दिली, तक्रार मागं घेतली नाही. ग्राहक आयोगातही गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. आमची सुनावणी चालू आहे. चौदापैकी चौघांनी नाव घालायला नकार दिला, संबंध बिघडतील म्हणून. त्यांच्यावर माझा राग नाही, पण तो याच भरवशावर पुढचं पोस्टर काढतो.

त्या पोस्टरवर पहिला हप्ता या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरायचा आहे. खानापूर, निपाणीकडंही ते फिरतंय असं कळलं. ज्यांनी पैसे बाजूला काढून ठेवले असतील त्यांनी त्याच्याकडं आधी जीएसटी नंबर आणि हॉटेलांची नावं लिहून मागावीत. तो “मी काय परका हाय काय” म्हणेल. तरी मागावीत.