कंबरदुखीची फिजिओथेरपी: सात महिन्यांनंतर

परवा पहिल्या सेंटरमधून फोन आला, "सर, पॅकेजची मुदत संपली, नवीन करायचं का?" माझ्या न झालेल्या चार सिटिंगचे बाराशे रुपये अजून त्यांच्याकडेच आहेत. ते परत करायचं नाव नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो. नऊ तास बैठक. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, पोतं सरकवताना उसण भरली आणि चार दिवसांत कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरली. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्ह, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, फिजिओ करा.

पहिल्या ठिकाणी पंधरा सिटिंगचे साडेचार हजार आगाऊ घेतले. रोज कमरेला चार पॅड, वीस मिनिटं आयएफटी, म्हणजे सौम्य विजेचं मशीन, मग ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ताणून धरणं. झोपलेलं असताना बरं वाटायचं, स्कूटरवरून विश्रामबागला पोचेपर्यंत कळ परत हजर. अकरा सिटिंगमध्ये एकही व्यायाम शिकवला नाही! विचारलं की "आधी सूज उतरू दे." उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं कंबरदुखीला हे मशीन, ट्रॅक्शन, कमरेचा पट्टा देऊ नका असं २०१६ सालीच सांगून ठेवलंय, हे मला पैसे भरल्यावर कळलं.

मग मिरजेला गेलो. तिथल्या मॅडमनी आधी पाऊण तास नुसती चौकशी केली, वाकवून बघितलं, पायाच्या अंगठ्यातली ताकद तपासली. मग पालथं झोपवून हातांवर छाती उचलायला लावली, कंबर ढिली सोडून. सातव्या वेळेला पोटरीतली कळ मांडीत आली, पण कंबर जास्त ठणकायला लागली. मी घाबरून थांबलो. "काका, कंबर दुखू दे. पायातलं दुखणं वर सरकतंय, हे चांगलं लक्षण आहे." न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींनी १९५६ मध्ये एका रुग्णात हे योगायोगानं पाहिलं, त्यातून ही पद्धत निघाली.

दर दोन तासांनी दहा वेळा. अडतीच्या मागच्या खोलीत रिकामं बारदान अंथरून करायचो, उठल्यावर शर्टाला हळद. तीन आठवड्यांत पाय मोकळा झाला. खुर्चीत कमरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवतो, ती तर फुकट. घरातला जुना पंचासुद्धा चालतो. नऊशेचा पट्टा कपाटात पडून आहे.

एक चूक मात्र कबूल करतो. एप्रिलमध्ये मी हा व्यायाम दिसेल त्याला सांगत सुटलो होतो. मावशीनं केला आणि तिचं दुखणं वाढलं. तिचे पाय चालताना भरून येतात, वाकून बसलं की उतरतात. मॅडम म्हणाल्या, त्यांची मणक्यातली नळी अरुंद झालीय, त्यांना पुढे वाकायचे व्यायाम हवेत. मावशीकडे जाऊन माफी मागितली. तेव्हा माझं बघून करू नका, आधी तपासून घ्या. आणि लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर फिजिओ नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

अजूनही सलग तासभर बसलो की कंबर आखडते. उठून दोन फेऱ्या मारतो, जाते.

मिरजेला एकूण सहा वेळा गेलो, दर खेपेला पाचशे. शेवटच्या वेळी पुढची तारीख विचारली, तर मॅडम म्हणाल्या, "आता कशाला येताय? दुखलं तरच या."