मामाचा व्हिडिओ गेम: २४ वर्षं बंद होता, दुरुस्त करून आठ महिने वापरला त्याचा अनुभव

आधीच सांगतो, हे काही नवीन विकत घेऊन लिहिलेलं नाहीये. मामा सुरतला मिलमध्ये होता, त्याने १९९९ ला येताना आणलेला कॅसेटवाला व्हिडिओ गेम, पांढरा-लाल, दोन रिमोट आणि एक बंदूक. २००१ च्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) बंद पडला तो पडलाच. यंदा आखाजीला गावी गेलो (अमळनेरकडे आहे गाव) तर माळ्यावर बिबड्यांच्या डब्यामागे पिशवीत सापडला. आजी म्हणे, "हाई आजून जित्तं शे का?" म्हटलं बघू. जळगावला आणला, दोन रविवार घालवले, आणि आता आठ महिने झाले आठवड्यातून तीन-चारदा आरामात चालतोय. तुमच्याकडे असा पडलेला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, आधी हे वाचा.

बंद कसा पडला ते पण सांगायला पाहिजे. त्या दिवशी लहान भावाने तो पलंगावरून खाली पाडला होता, कोपऱ्याला तडा गेला, आणि त्याच रात्री गेम बंद. मग काय, पुढची २४ वर्षं घरात विषय निघाला की बिल त्याच्याच नावाने फाटायचं. मीच फाडायचो. शिक्षा म्हणून त्याला कायम दोन नंबरचा रिमोट, तशीही आमच्यात ती पद्धतच होती कारण मी मोठा. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी, आमच्या दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट बटणच नाही, म्हणजे गेम चालू करायचा तो एक नंबरवाल्याने, थांबवायचा तो पण त्यानेच.

आता मशीन. हे जपानच्या निन्टेन्डोने १९८३ ला काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. आपल्याकडे त्या काळात घरोघरी होते ते बहुतेक असेच. कॅसेट ६० पिनची, अमेरिकेत तोच गेम ७२ पिनच्या कॅसेटवर यायचा, म्हणून तिकडची कॅसेट ह्यात बसत नाही, ऑनलाईन मागवताना बघून घ्या. उघडला तर आत फार काही नाही. खऱ्या निन्टेन्डोच्या मशीनमध्ये वेगवेगळे आयसी (चिप) असतात, माझ्यात सगळं एका काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली. तो थेंब गेला असेल तर विषय संपला, तो दुरुस्त होत नाही. बाकी सगळं होतं. एका दुकानात दाखवला तर पोराने न उघडताच सांगितलं, "काका, हे फेकून द्या, मोबाईलमध्ये फुकट मिळतात हे गेम." मिळतात रे बाबा, माहितीये.

पहिली चूक मी केली. अडॅप्टर पिशवीत नव्हता म्हणून घरातल्या राउटरचा लावला. काहीच नाही, लाल लाईट पण नाही. मग भिंग घेऊन मागच्या पिनशेजारचं छोटं चित्र बघितलं तर गेमला मधे मायनस पाहिजे, बाहेर प्लस, आणि राउटरचा बरोब्बर उलटा, वर १२ व्होल्टचा. नशीब चांगलं, सप्लाय आत येतो तिथेच सिरीजमध्ये एक डायोड होता, त्याने उलटं काही आत जाऊच दिलं नाही. सगळ्या मशीनमध्ये हा डायोड असेलच असं नाही, म्हणून अडॅप्टर लावायच्या आधी ते चित्र बघा, प्लीज. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून ९ व्होल्ट १ अँपिअरचा घेतला, १८० रुपये, आणि पिनच्या वायरी उलटून जोडल्या.

तरी मेलेलाच. मग मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) काढला, तो पिवळा अडीचशे रुपयेवाला, त्याच्यात सगळं भागतं. बोर्डाच्या कडेला पत्र्याला स्क्रूने आवळलेला तीन पायांचा ७८०५ असतो, ह्याचं काम एवढंच की बाहेरून नऊ येवो नाहीतर दहा, आत पाच व्होल्टच सोडायचे. छापलेली बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावा इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. काळी वायर मधल्या पायाला, लाल डाव्याला, आले ८.३. बरोबर आहे, डायोड ०.७ खातो. लाल उजव्याला लावली, पाच यायला पाहिजे होते, आले ०.४. सापडला चोर. पण लगेच बदलू नका, सप्लाय काढून, मीटर बीपच्या खुणेवर ठेवून आउटपुट आणि ग्राउंडमध्ये बीप वाजतो का ते बघा, वाजला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि नवा लावून पण उपयोग नाही. माझ्यात नाही वाजला. नवीन ७८०५ पंधरा रुपयाला मिळाला, जुना काढताना डिसोल्डर पंपाशिवाय झटापट केली आणि बोर्डावरची एक तांब्याची पट्टी थोडी उचकटली, तिथे वायरचा तुकडा टाकून भागवलं. पत्र्याला लावताना मधे थर्मल पेस्ट लावली, जुनी वाळून पापडासारखी झालेली.

लाल लाईट लागला भो! मुलगी धावत आली, टीव्हीवर बघते तर नुसता करडा पडदा.

हे कॅसेटचं. आपण सगळ्यांनी लहानपणी केलं ते म्हणजे कॅसेट काढा, फुंकर मारा, परत लावा. फुंकर मारून चालू व्हायची ती फुंकरीने नाही, काढून परत लावल्यामुळे पिना नव्याने घासल्या जायच्या म्हणून, उलट तोंडातल्या दमटपणाने पिना अजून काळ्या पडतात. कॅसेटच्या पट्ट्या साध्या खोडरबराने घासल्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घेऊन पुसल्या, बड काळाकुट्ट निघाला, चार बड लागले. मशीनमधला ६० पिनचा सॉकेट पण तसाच, जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून, अल्कोहोल लावून आत-बाहेर, आत-बाहेर. दोन पिना आत दबलेल्या दिसल्या, त्या सुईने हळूच वर घेतल्या. घाई केली तर पिन तुटते, तेव्हा चहा पिऊन बसा.

आणि मारिओ आला. पण आडव्या काळसर लाटा पडद्यावर वर सरकत होत्या आणि आवाजात घूंऽऽ. ही लक्षणं सप्लायच्या कंडेन्सरची, म्हणजे कपॅसिटरची, व्होल्टेज एकसारखं ठेवतो तो. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा, डोकं फुगून टम्म झालेलं, खाली चिकट तपकिरी डाग. तो बदलून त्याच मायक्रोफॅरडचा पण २५ व्होल्टचा टाकला (व्होल्ट जास्त चालतं, कमी नाही), आठ रुपये. उलटा लावू नका, पांढरी पट्टी असते ती मायनस. लाटा गायब. घूं थोडासा अजून आहे, फॅन चालू असला की कळत पण नाही.

तेव्हा डोक्यात एक गोष्ट खटकली होती. पडल्यामुळे कंडेन्सर फुगत नाही. ७८०५ पण पडल्याने जात नाही. बोर्डाला कुठे तडा नाही, एक पाय तुटलेला नाही. म्हटलं असेल, जुनं झालं, सोडून दिलं.

आता आठ महिन्यांचा हिशोब. जळगावचा मे तुम्हाला माहितीये, ४५ च्या वर जातो पारा. दुपारी अर्ध्या तासाने डब्याची वरची बाजू हाताला चांगलीच गरम लागायची. ७८०५ उरलेले व्होल्ट उष्णतेतच घालवतो, ९ दिले तर ४ व्होल्टची उष्णता, १२ दिले तर ७ ची, म्हणून अडॅप्टर नऊचाच ठेवा. मी मे-जूनमध्ये फक्त रात्री जेवणानंतर खेळायचा नियम केला, तसंही दुपारी लाईट कुठे असते. पावसाळ्यात दोनदा करडा पडदा आला, दोन्ही वेळा अल्कोहोलने पुसून ठीक झाला. बाकी एकदाही दगा दिला नाही.

टीव्हीचं मात्र नीट समजून घ्या, इथे बऱ्याच लोकांचा मूड जातो. नवीन एलईडीला लावायचा तर एव्ही टू एचडीएमआयची डबी मिळते, मी घेतली, साडेचारशे गेले, चित्र येतं पण बटण दाबल्यावर मारिओ एवढा उशिरा उडी मारतो की पहिल्याच खड्ड्यात जातो. मला वाटलं माझं वय झालं. मग आजीच्या खोलीतला १४ इंची डबा टीव्ही आणला, त्याच्यावर बोट दाबलं की उडी. आणि बंदूक तर डबा टीव्हीशिवाय चालतच नाही. बदकं मारायच्या गेममध्ये ट्रिगर दाबलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा सेन्सर असतो तो तेवढ्यात पांढरं दिसतंय का बघतो. एलईडी चित्र उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीचं बघून झालेलं असतं. मुलीने एलईडीवर अर्धा तास बदकं मारली, एक पडलं नाही, गेममधला कुत्रा हसत बसला आणि ती रडली. एक मात्र, डबा टीव्ही बिघडला तर तो स्वतः उघडायचा नाही. गेममध्ये पाच-नऊ व्होल्ट आहेत, तिथे हजारो असतात, बंद केल्यावर पण.

रिमोटची वायर आतून तुटली होती, जिथून ती बाहेर निघते तिथेच तुटते नेहमी. बोटभर कापून पाचही वायरी परत सोल्डर केल्या, उघडायच्या आधी रंगांचा फोटो काढून ठेवा. ए बटणाचं रबर झिजलंय, त्याच्यावर ४बी पेन्सिल घासली तर महिनाभर चालतं, परत घासायची.

कॅसेटचं खरं सांगू का, ९९९९९ इन १ लिहिलेलंय त्यात मोजून अकरा गेम निघाले, बाकी तेच गेम लेव्हल पुढची-मागची करून. लहानपणी आम्ही रात्रभर खाली-खाली जात बसायचो नवीन गेम येईल म्हणून. कॉन्ट्रा, टँक, रोड फायटर, बॉम्बरमॅन, एवढ्यात पैसे वसूल. मुलगी नऊ वर्षाची आहे, तिला टँक आवडतो, त्यात तिचे आणि माझे भांडण ठरलेलं कारण ती आमच्या तळाचा गरुड वाचवायच्या ऐवजी मलाच गोळ्या घालते.

एकूण खर्च सोल्डरिंगचं सामान आणि मीटर धरून हजाराच्या आसपास, सामान घरात असेल तर साडेतीनशे, टीव्हीची डबी सोडून. ती डबी घेऊ नका.

दिवाळीत गावी आईने साफसफाईत एक जुना अडॅप्टर काढून दिला, "तुमच्या गेमचा आहे बघ." तो नव्हे का यायचा, बाजूला सरकणारा स्विच, ३, ४.५, ६, ७.५, ९, १२. स्विच १२ वर होता. आणि तिथेच बसलो मी. त्या आखाजीला संध्याकाळी लोड असायचा, व्होल्टेज इतकं डाऊन की ट्यूबलाईट लुकलुकायची आणि गेम सारखा रिसेट व्हायचा, म्हणून मीच गुपचूप तो १२ वर सरकवला होता, आणि गेम मस्त चालला पण होता. रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या, व्होल्टेज वर गेलं, आणि असले जुने अडॅप्टर १२ वर ठेवले की लोड कमी असला तर सोळा-सतरा पण देतात. १६ व्होल्टचा कंडेन्सर. फुगणार नाही तर काय होईल.

भाऊ पुण्याहून आलेला होता. त्याला अडॅप्टर दाखवला, सगळं सांगितलं, ७८०५ पासून. त्याने तो स्विच अंगठ्याने ९ वर आणला, परत १२ वर नेला, काही बोलला नाही. मग एक नंबरचा रिमोट उचलला आणि दोन नंबरचा माझ्याकडे सरकवला. कॉन्ट्रा लावला. रात्री अकरापर्यंत मी पाणी प्यायला जायचं म्हणत होतो, त्याने एकदाही पॉज केला नाही.