शुभेच्छापत्रे हाताने करणाऱ्यांसाठी भेट: कागद, शिक्का की यंत्र?

दिवाळी, संक्रांत, वाढदिवस किंवा कोणाचे साठीशांत अशा प्रत्येक निमित्ताने जी व्यक्ती बाजारातले छापील कार्ड न घेता स्वतः बसून शुभेच्छापत्र तयार करते, तिला काय भेट द्यावी हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड असतो. तिच्याकडे निम्मे साहित्य आधीच असते, त्यातले बरेचसे तिने पारखून घेतलेले असते आणि तिची कामाची पद्धतही ठरून गेलेली असते. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी दोन गोष्टींची माहिती काढावी. ती रंगवून कार्ड करते, शिक्के उमटवून करते, कापून-चिकटवून करते की सुलेखनाने करते, ही पहिली. दिलेली वस्तू ठेवायला तिच्या घरात जागा आहे का, ही दुसरी. या लेखात प्रमुख पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगायचे, तर वापरून संपणारी पण एरवी स्वतःसाठी घेताना हात आखडता घेतला जातो अशा प्रतीची वस्तू ही बहुतेक वेळा महागड्या यंत्रापेक्षा चांगली भेट ठरते.

कागद: हातकागद, जलरंगाचा कागद आणि कार्डशीट

कार्ड करणाऱ्याला कागद कधीच पुरत नाही, त्यामुळे ही भेट वाया जाण्याची शक्यता सर्वांत कमी. मात्र चुकीचा कागद दिला तर तो वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतो. पुण्यात शिवाजीनगर भागात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आणि जयपूरजवळच्या सांगानेर येथील कारागीर यांचा कागद प्रामुख्याने सुती कापडाच्या कात्रणांच्या लगद्यापासून बनतो. असा ताव हातात घेतला की त्याच्या विरळ होत गेलेल्या कडा, पोत आणि किंचित कमी-जास्त जाडी यांमुळे काही न काढताच अर्धे कार्ड तयार झाल्यासारखे वाटते. त्याचा आणखी एक गुण फारसा सांगितला जात नाही. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने ओढले गेलेले असतात, तर साच्यावर हाताने उचललेल्या तावात ते सर्व दिशांना पसरलेले असतात. त्यामुळे हातकागद आडवा घडी घाला किंवा उभा, तो सहसा घडीवर तडकत नाही.

हाच पोत काही कामांना मारक ठरतो. बारीक रेषांचा शिक्का खडबडीत पृष्ठभागावर तुटक उमटतो, धातूच्या डायने (आकार कापणाऱ्या साच्याने) आकार कापला तर कडेला कापसासारखे तंतू राहतात, आणि खळ कमी असलेल्या तावावर शाईच्या पेनाने लिहिले तर अक्षर फुटते. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून एक तुकडा मागून त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब काही क्षण तसाच उभा राहिला तर त्यावर लिहिता आणि रंगवता येईल; लगेच शोषला गेला तर तो कागद पाकिटे, पट्ट्या आणि मागची पार्श्वभूमी यांसाठी ठेवावा.

जलरंगात काम करणाऱ्या व्यक्तीसाठी ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), हलक्या खरबरीत पोताचा जलरंगाचा कागद द्यावा. त्यापेक्षा पातळ कागद ओला झाला की लाटा धरतो आणि वाळल्यावरही सरळ होत नाही. शिक्के, अल्कोहोल मार्कर आणि डाय वापरणाऱ्यांना मात्र २५० ते ३०० जीएसएमची गुळगुळीत कार्डशीट लागते. कार्यालयात छपाईला वापरतात तो कागद साधारण ८० जीएसएमचा असतो, त्यावरून या जाडीचा अंदाज येईल. रंगीत कागदांचे मोठे गठ्ठे स्वस्त दिसतात, परंतु त्यांतले कित्येक एका बाजूनेच रंगवलेले असतात आणि घडीवर आतला पांढरा गाभा उघडा पडतो. पन्नास भडक तावांऐवजी आतपर्यंत रंग असलेले दहा ताव द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

अवजारे: तयार संच की दोन-तीन सुट्या वस्तू

‘कार्ड बनवण्याचा संच’ म्हणून मिळणाऱ्या खोक्यात सर्व काही थोडे थोडे असते, आणि ज्याने अजून एकही कार्ड केलेले नाही अशा आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी तो योग्यही आहे. सराव असलेल्या व्यक्तीला मात्र त्यातली कात्री, गोंद आणि चमकी यांचा उपयोग नसतो. त्याच पैशात चांगल्या प्रतीची एखाद-दुसरी सुटी वस्तू येते.

सुट्या वस्तूंमध्ये मी पहिला क्रम घडी घालण्याच्या साधनांना देते, कारण कार्ड घरगुती दिसते की सफाईदार, हे बहुतांशी घडीवरून कळते. ए-फोर आकाराचा ताव २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो आणि त्याचे तंतू बहुधा लांब बाजूने धावतात. तो मधोमध दुमडून ए-फाइव्ह आकाराचे कार्ड केले की घडी तंतूंना आडवी जाते आणि जाड कार्डशीट तिथे भेगाळते. तोच ताव आधी अर्धा कापून प्रत्येक अर्धा दुमडला, तर लहान ए-सिक्स कार्डाची घडी तंतूंच्या दिशेने येते आणि स्वच्छ बसते. मोठे कार्ड करायचे असेल तेव्हा आधी खाच पाडणे अपरिहार्य असते. अनेक जण त्यासाठी शाई संपलेले बॉलपेन आणि पट्टी वापरतात व ते चालतेही. परंतु ठरावीक अंतरांवर खोबणी असलेला स्कोरिंग बोर्ड आणि घडी दाबायला बोन फोल्डर मिळाला की एकसारखी तीस निमंत्रणपत्रे करणे सुसह्य होते. गडद कागदावर हाडाचा किंवा प्लास्टिकचा फोल्डर घासला की चकाकी उमटते, टेफ्लॉनच्या फोल्डरने तसे होत नाही. तो महाग असतो, पण भेट म्हणून नेमका त्यामुळेच शोभतो.

कापण्यासाठी कटिंग मॅट द्यायची असेल तर ए-थ्री द्यावी. ए-फोर मॅटवर ए-फोर ताव ठेवला की कडेला हात टेकायला आणि पट्टी धरायला जागाच उरत नाही. सोबत मागे कॉर्क लावलेली, न सरकणारी स्टीलची पट्टी असावी. सरकत्या पात्याचे पेपर ट्रिमर दिसायला आकर्षक असतात, परंतु हलक्या प्रतीच्या ट्रिमरची पट्टी डुलते आणि काटकोन चुकतो. मध्यम किमतीचा ट्रिमर घेण्यापेक्षा चांगली मॅट, पट्टी आणि सुरी हे त्रिकूट अधिक भरवशाचे. घरात लहान मुले असतील तर दांडी खाली ओढून कापणारे कटर टाळावे.

फुले, पाने, फुलपाखरे कापणारे पंच ही लगेच सुचणारी भेट आहे, पण एकच फुलपाखरू किती कार्डांवर चिकटवणार? गोल पंच आणि कोपरे गोलाकार करणारा पंच यांचा उपयोग मात्र वर्षानुवर्षे होतो. बोटे दुखणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी पंच घेताना तो दुकानात स्वतः दाबून पाहावा, कारण काही पंचांना जाड कागदावर बराच जोर लागतो.

शिक्के: तयार की खास करून घेतलेले

शिक्क्यांमध्ये दोन मुख्य प्रकार आहेत. पारदर्शक फोटोपॉलिमरचे शिक्के ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर तात्पुरते चिकटवून वापरतात. आरपार दिसत असल्याने ते कुठे उमटणार हे आधीच कळते आणि साठवायला जागाही कमी लागते, मात्र उजेडात व उष्णतेत ते कालांतराने पिवळे पडतात. लाकडावर बसवलेले रबरी शिक्के जागा अडवतात आणि नेमके बसवायला सवय लागते, पण अधिक टिकतात. सोबत शाईचा पॅड द्यायचा तर डाय (dye) प्रकारची शाई, जिचा कापण्याच्या डायशी संबंध नाही, लवकर वाळते आणि पिग्मेंट शाई सावकाश वाळते. पूड टाकून उष्णतेने उठावदार अक्षरे करणाऱ्यांना ही दुसरी शाईच हवी असते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत पिग्मेंट शाई गुळगुळीत कागदावर बराच वेळ ओली राहते, हे लक्षात ठेवून तिकडच्या व्यक्तीसाठी डाय शाई निवडणे बरे.

तयार शिक्क्यांची मोठी उणीव अशी की त्यांवरचा मजकूर बहुधा इंग्रजी असतो. सुंदर दिवा, तोरण, पतंग हाताने काढायचे आणि शुभेच्छा मात्र परक्या लिपीत उमटवायच्या, अशी अनेकांची कुचंबणा होते. यावरचा उपाय आपल्या गावातच असतो: कार्यालयांचे शिक्के करणारा कारागीर. त्याच्याकडून ‘शुभ दीपावली’, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि भेट घेणाऱ्या व्यक्तीच्या नावाचा ‘हस्तनिर्मिती’ असा छोटा शिक्का करून घेता येतो. संपूर्ण आढाव्यात मला सर्वांत जास्त आवडणारी भेट हीच आहे, कारण ती कोणत्याही संचात मिळत नाही आणि खर्चही बहुधा काही शे रुपयांपलीकडे जात नाही.

ती करून घेताना चार गोष्टी पाहाव्यात. स्वतः शाई घेणारा स्प्रिंगचा शिक्का न करता साध्या मुठीचा करायला सांगावा, म्हणजे सोनेरी, जांभळी अशी हवी ती शाई वापरता येते. अक्षरांच्या रेषा फार नाजूक नसाव्यात आणि अक्षर लहानही नसावे. ‘शुभेच्छा’मधल्या ‘च्छ’च्या पोटातली मोकळी जागा बारीक आकारात शाईने भरून जाते आणि तिथे काळा ठिपका उरतो. छापण्यापूर्वीचा नमुना मागून ऱ्हस्व-दीर्घ तपासावे, कारण ‘हार्दीक’ आणि ‘दिपावली’ रबरावर एकदा कोरले गेले की प्रत्येक कार्डावर तीच चूक उमटत राहते. शेवटी, मजकूर सालाशी बांधू नये, नाहीतर पुढच्या वर्षी शिक्का निरुपयोगी होतो.

कापडछपाईचे लाकडी ठसे हा याच घरातला आणखी एक पर्याय. गांधीनगरजवळच्या पेथापूर येथील ठसे कोरणारे कारागीर प्रसिद्ध आहेत. असा ठसा हातकागदावर, खाली मऊ कापडाची घडी ठेवून उमटवला तर छाप थोडी असमान येते आणि तीच शोभून दिसते. नेमकेपणा आवडणाऱ्या व्यक्तीला मात्र हा ठसा देऊ नये.

यंत्रे: हाताने फिरवायची की संगणकावर चालणारी

डाय वापरून कागद कापणाऱ्या हातयंत्रात दोन रुळांमधून धातूची डाय आणि कागद दाबून पुढे सरकवतात. वीज लागत नाही, संगणक लागत नाही, आणि त्याच यंत्रात उठावदार नक्षीही दाबता येते. खर्च मात्र यंत्राशी थांबत नाही. प्रत्येक नव्या आकारासाठी नवी डाय घ्यावी लागते आणि कापण्याच्या पाट्याही वापराने वाकतात. सिझिक्ससारख्या हातयंत्रांच्या तुलनेत क्रिकट किंवा सिल्हुएटची यंत्रे संगणकावर काढलेला कोणताही आकार कापतात, परंतु त्यांना आज्ञावली शिकून घ्यावी लागते, चिकट मॅट आणि पाती वेळोवेळी बदलावी लागतात, व किंमत अनेक हजारांत जाते. ब्रदरच्या स्कॅन-एन-कट यंत्रात स्कॅनर आत बसवलेला असल्याने हाताने काढलेले चित्र संगणकाशिवायही कापता येते, ही हाताने रेखाटणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे.

मराठी मजकूर कापण्यात एक खास लाभ आहे. शिरोरेखेमुळे अख्खा शब्द एकसंध राहतो, अक्षरे सुटी होऊन चिकटवत बसावी लागत नाहीत. त्यासाठी आज्ञावलीत अक्षरे आधी एकमेकांत जोडून घ्यावी लागतात, नाहीतर यंत्र प्रत्येक अक्षर वेगळे कापते. आणि ‘संक्रांत’सारख्या शब्दातले दोन्ही अनुस्वार तरीही सुटेच पडतात.

इतके असूनही यंत्र अचानक भेट म्हणून देऊ नये, असेच मी म्हणेन. ते टेबलाचा कोपरा कायमचा व्यापते, आणि कात्रीने सावकाश कापण्यातच ज्याला समाधान मिळते त्याला ते ओझे वाटते. वर्षाला शंभरावर कार्डे करणारी किंवा विकणारी व्यक्ती असेल, तर तिलाच विचारून, दुरुस्तीची व सुट्या भागांची सोय पाहून, हवे तर चौघांनी मिळून घ्यावे.

रंगांबाबत थोडक्यात सांगायचे तर, नवशिक्यासाठी कॅमलिनचे विद्यार्थ्यांसाठीचे जलरंग पुरेसे आहेत. सराव असलेल्याला मोठ्या पेटीऐवजी कलाकारांच्या प्रतीच्या चार-पाच नळ्या द्याव्यात. अल्कोहोल मार्करचेही तसेच. कॉपिक या मार्करच्या ३५८ रंगांपैकी सगळे कोणालाच लागत नाहीत, पण एकाच रंगाच्या फिक्या, मध्यम आणि गडद अशा तीन छटा सोबत दिल्या तर पाकळीवरची सावली नीट उतरते. शिवाय त्यांची शाई पुन्हा भरता येते आणि टोकेही बदलता येतात. वारली शैलीत काम करणाऱ्यांसाठी मात्र गेरूच्या रंगाची कार्डशीट आणि दोन-तीन पांढरी जेल पेने यांहून अधिक काही लागत नाही.

ज्या व्यक्तीकडे हे सर्व आधीच आहे, तिला पाकिटे द्यावीत. ए-सिक्स कार्डासाठी ११४ बाय १६२ मिलिमीटरचे सी-सिक्स पाकीट लागते आणि ए-फाइव्हसाठी १६२ बाय २२९ मिलिमीटरचे सी-फाइव्ह. कार्ड करणाऱ्यांचा बराच वेळ मापात बसणारे पाकीट शोधण्यात जातो. गिरगावातल्या खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची दुकाने आहेत, तिथे हातकागदाची किंवा जाड रंगीत पाकिटे मिळतात का ते पाहावे. घेताना एक तयार कार्ड सोबत न्यावे आणि कार्डावर फोम टेपने उचललेली फुले किंवा क्विलिंगची (कागदाच्या गुंडाळलेल्या पट्ट्यांची) नक्षी असेल, तर ते आत घालून पाकीट प्रत्यक्ष बंद करून पाहावे.