कोरियनमधलं ‘जमत नाही’: मोत्, जी मोथादा की सु ऑप्ता?

‘आन् कायो’ म्हणजे मी जात नाही, माझी मर्जी. आणि ‘मोत् क्कायो’ म्हणजे जायचंय पण जमत नाही, हा फरक तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे ‘जमत नाही’ सांगायच्या तीन वाटा आहेत आणि नवशिक्याने आधी कुठली तोंडात बसवावी? क्रियापदाआधी नुसतं ‘मोत्’ ठेवायचं, धातूला ‘जी मोथादा’ जोडायचं, की ‘ल सु ऑप्ता’ लावायचं?

दिसायला ‘मोत्’ सगळ्यात सोपं. मीही तिथूनच सुरुवात केली. पण हा शब्द लिहिताना शेवटी ‘स’चं अक्षर असतं, उच्चारताना ‘त्’ होतो आणि पुढचं अक्षर बदललं की तोही टिकत नाही. येता येत नाही हे ‘मोद्वायो’, खाता येत नाही हे ‘मोन् मॉगॉयो’, आणि वाचता येत नाही हे तर ‘मोन्निल्गॉयो’. यातला ‘न्नि’ लिहिलेल्या अक्षरांत कुठेच नाही!

एका रविवारी ऑनलाइन तासाला बाईंनी विचारलं, धडा वाचलात का? मला म्हणायचं होतं, वाचायला जमलं नाही. मी ऐटीत म्हणालो, ‘मोसिल्गॉस्सॉयो’. लिहिलंय तसं वाचलं, झालं. बाईंचा चेहरा कोरा. दोनदा तेच म्हटलं, तिसऱ्यांदा चॅटमध्ये टाइप केलं, तेव्हा कुठे त्या हसल्या. गंमत म्हणजे ‘मोत्’चा दुसरा अर्थ खिळा, आणि त्याला ‘ई’ प्रत्यय लागला की तो सरळ ‘मोशी’ होतो. खिळ्याला जी मुभा आहे ती माझ्या न जमण्याला नाही.

त्यात ‘हादा’वाल्या, म्हणजे नामाला ‘करणे’ जोडून झालेल्या क्रियापदांची भानगड. ‘मोत्’ त्यांच्या आधी नाही, मध्ये घुसवावं लागतं: ‘कोंग्बु मोथेयो’. आणि हे कानाला ‘अभ्यास करायला जमत नाही’ असंही वाटतं आणि ‘अभ्यासात ढ आहे’ असंही. लिहिताना जागा सोडून फरक दाखवता येतो, बोलताना जागा कुठून दाखवणार?

‘जी मोथादा’त हे काहीच नाही. ‘काजी मोथेयो’ (जायला), ‘कोंग्बुहाजी मोथेयो’ (अभ्यास करायला), ‘इक्ची मोथेयो’ (वाचायला जमत नाही); ‘मोथेयो’ हे ‘मोथादा’चंच बोलण्यातलं रूप. धातूच्या शेवटाप्रमाणे ‘जी’ची ‘ची’ होते खरी, पण ‘मोथेयो’ जागचं हलत नाही. ऐकणे, मदत करणे यांसारखे लहरी धातूही ‘जी’पुढे निमूट राहतात. हेच ‘तुत्ता’, म्हणजे ऐकणे, ‘सु ऑप्ता’ला जोडायला जा, लगेच ‘तुरुल सु ऑप्सॉयो’ असा वेष बदलतं.

तरी ‘सु ऑप्ता’ला कमी लेखू नये. ‘सु’ म्हणजे मार्ग, उपाय. ‘ऑप्ता’ म्हणजे नसणे. थोडक्यात, जायला मार्गच नाही. त्यामुळे अडचण आपली नसून परिस्थितीची किंवा नियमाची असते तिथे ते चपखल बसतं. ‘तुरॉगाल सु ऑप्सुम्निदा’, आत जाता येणार नाही, हे पाटीवर शोभतं. विशेषणांनाही चालतं, तिथे नुसतं ‘मोत्’ चालत नाही. पण मैत्रिणीने चहाला बोलावलं आणि तुम्ही ‘काल सु ऑप्सॉयो’ म्हणालात, तर पूल वाहून गेल्यासारखं वाटेल. निदान मला तरी वाटतं. (पोहता येत नाही, म्हणजे मुळात शिकलोच नाही, याला ‘हाल जुल मोल्लायो’ असं वेगळंच आहे; आपल्या ‘येत नाही’च्या ते अगदी जवळचं.)

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर रोजच्या बोलण्यात कोरियन लोक आखूड ‘मोत्’च जास्त वापरतात. लांब रूप जरा लेखी, जरा औपचारिक वाटतं. तुमचा कान तयार असेल, मालिका बघून बघून ‘मोन्नि’ आपोआप येत असेल, तर खुशाल ‘मोत्’ घ्या. ऐकून समजण्यापुरतं ते शिकावं तर लागेलच. पण स्वतः बोलायचंय आणि समोरच्याला पहिल्या फटक्यात कळायला हवं, तर जरा पुस्तकी वाटलं तरी मी ‘जी मोथादा’कडेच बोट दाखवीन.

पुढच्या रविवारी बाईंनी पुन्हा तेच विचारलं. मी न अडखळता म्हणालो, ‘इक्ची मोथेस्सॉयो’. त्यांना लगेच कळलं. म्हणाल्या, ‘वेयो?’ म्हणजे, का? त्याची तयारी मी केली नव्हती.