अजिंठा बघायचा तर क्रमांक विसरा

अजिंठ्याला बहुतेकांचा घोळ होतो तो लेण्यांच्या क्रमांकांमुळे. आकडे नालाकृती कड्याच्या एका टोकापासून ओळीने दिलेत, वयाने नाही. गर्दी १ आणि २ मध्ये तुंबते, आणि १७ येईपर्यंत पायही दमतात, नजरही.

त्यापेक्षा सरळ १० गाठा. हे इसवी सनापूर्वीचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. भिंतीवरची जुनी चित्रं काळवंडलीत, पण डोळे अंधाराला सरावले की बोधिवृक्षाच्या पूजेला निघालेला राजा आणि त्याचा लवाजमा दिसू लागतो. पुरुषांची मोठ्या गाठीची पागोटी नीट बघा, सांचीच्या शिल्पात हीच आहेत. खांबांवरचे बुद्ध मात्र पाचव्या शतकातले, म्हणजे एकाच दालनात दोन काळ. एका खांबावर जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८१९ मध्ये कोरलेलं नावही आहे, बरंच उंचावर, कारण तेव्हा दालन गाळाने भरलेलं होतं.

मग १६ आणि १७. सोळावं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवलं, तसा लेख तिथे आहे. सतराव्याला घाई करू नका, अर्धा तास द्या. सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेच्या भिंतीवर सैन्य समुद्र ओलांडतंय आणि नावांमध्ये चक्क हत्ती-घोडे उभे आहेत. संन्याशांच्या विहारात हे दरबार, शृंगार, मद्याचे पेले कशाला, असं वाटेल. पण खर्च राजे-मंत्र्यांचा होता आणि जातककथांतले (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींतले) राजपुत्र चितारताना चित्रकारांनी डोळ्यासमोरचाच दरबार उतरवला.

पहिलं लेणं शेवटी. सगळे पद्मपाणीपुढे, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वापुढे थांबतात, थांबावंच. पण महाजनक जातकातली नर्तकी चुकवू नका: अंगात लांब बाह्यांचं शिवलेलं वस्त्र, भोवती बासरी, मृदंग, टाळ. ‘प्राचीन भारतात शिवण नव्हती’ हा समज तिथेच गळून पडतो. छतावर टोपीवाले परदेशी पेले घेऊन बसलेत. निळा रंग लाजवर्दाचा, हा दगड अफगाणिस्तानकडून यायचा. बाकी गेरू, पिवळी माती, काजळी आसपासचीच.

ही ओल्या चुन्यावरची चित्रं नव्हेत. खडकावर माती, भाताचं तूस आणि तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ चुना, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट्यात कालवलेले रंग. म्हणून पाणी झिरपलं की अख्खा पापुद्रा सुटतो. १९२० च्या दशकात निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तंत्रज्ञांनी लाखेचा लेप दिला, तो पुढे पिवळा पडला. काही ठिकाणचा पिवळट चकाकणारा थर म्हणजे तोच, मूळ रंग नव्हे.

चित्रांना पाचपैकी पाच. फलकांना दोन, तेही उदारपणे: लेण्याचं नाव-गाव कळतं, पण कोणत्या भिंतीवर कोणती कथा, हे कळत नाही. त्यामुळे परवानाधारक गाइड घ्याच, आणि कथा कुठून सुरू होते ते आधी विचारा, कारण दृश्यं डावीकडून उजवीकडे जातीलच असं नाही. फ्लॅशला बंदी आहे, उजेड मंद आहे, तेव्हा छोटी दुर्बीण कॅमेऱ्यापेक्षा कामाची. चपला काढाव्या लागतात, मोजे घाला.

खासगी गाड्या फर्दापूरजवळच्या तिठ्यावर थांबतात, पुढचे सुमारे चार किलोमीटर बसने. जळगाव साधारण ६० किमी, छत्रपती संभाजीनगर १००. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. दोन्ही जोडून करणाऱ्यांनी वार आधी जुळवावेत.